प्रकाशला माती व्हायचंय

११ जाने., रवि.
प्रकाश आज जेवताना म्हणाला, मेल्यावर मला जाळू नकोस, माझं खत कर. माझा घास तोंडात! परदेशात काही ठिकाणी म्हणे कायद्याने चालतं. पेटीत लाकडाचा भुसा, पेंढा घालून देह ठेवतात, काही आठवड्यांनी गाडीभर माती. इथे तसा नियम नाही. नवीन स्मशानभूमीसाठी पालिकेने सूचना मागवल्यात, त्यात याने अर्ज ठोकलाय. मला न विचारता. रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या खताच्या टाकीत हात घालून असतो, त्याचा परिणाम. याचे रिपोर्ट बघून ठाण्याचे डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचं काही बोलायला तयार नाहीत आणि नवरोबांना हे सुचतंय. भांडी आपटली. तरी डोकं शांत नाही.

१४ जाने., बुध.
बातमी फुटली. याच्याच तोंडाने, अजून कुणाच्या? खालच्या जोशीकाकूंनी सोसायटीचं खत कुंडीत घालणं बंद केलं. "अहो, अजून त्यात नाहीत ते," मी म्हटलं. "तरीपण..." हसू आलं. मग जिन्यातच रडले.

१८ जाने., रवि.
दिव्याहून भाऊजी आले, प्र.चे मोठे भाऊ. जयभीम करून टेकतात न टेकतात तोच सुरू. "बाबा जन्मभर कचऱ्याच्या गाडीवर होते. आंघोळ केल्याशिवाय आपल्याला जवळ घ्यायचे नाहीत. त्यातून काढलं त्यांनी आपल्याला. आणि तू परत तिकडेच चाललास?"
प्र. म्हणाला, "दादा, बाबांना ते करायला लावलं. मी स्वतःहून मागतोय. फरक नाही का?"
"लोकांना नाही कळत फरक."
चहा न घेता गेले. मला दोघांचंही पटलं, हीच पंचाईत. माझं दुखणं वेगळंच. आमच्यात अस्थी पुरून वर झाड लावतात. सासऱ्यांचा आंबा गावी आहे, हात लावता येतो. याची गाडीभर माती मी कोपरच्या वन-बीएचकेत कुठे ठेवू? लोकांना वाटू? माझा नवरा मी वाटणार नाही.

२३ जाने., शुक्र.
प्र.च्या पोटात पाणी. पाय सुजलेत. मंगळवारी पालिकेत सुनावणी, याला उठवत नाही.
"माझ्या वतीने तू जा."
"मी विरोधात आहे, ठाऊक आहे ना?"
"असू दे. मी गेलो तर भाषण ठोकेन. तू नीट बोलतेस."
नालायक माणूस.

२७ जाने., मंगळ.
गेले. साहेब मोबाइल बघत होते. "बाई, जाळणं किंवा पुरणं. तिसरं नियमात नाही. आमच्या हातात पण नाही, वर पाठवावं लागेल." मागे कुणीतरी फिसकन हसलं. डोकंच फिरलं माझं.
"मग पाठवा वर. मला स्वतःला हे नकोय. पण माझ्या माणसाला हवंय. त्याला नाही म्हणायचं तर मी म्हणेन, तुम्ही कोण?"
साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. पाठवतो म्हणाले. खरं-खोटं तेच जाणे.
घरी येऊन सगळं सांगितलं. स्वारी खूश. हात धरून म्हणाला, "समज, झाला नियम. मग हो म्हणशील?"
"बघू."
"बघू काय? एकदा हो म्हण ना. मग मी निवांत."
मी हो म्हणायचं आणि हा खरंच निवांत डोळे मिटायचा.
नाही म्हटलं. उद्या विचारलं तरी नाहीच म्हणणार. भांडू दे माझ्याशी.