कळलावीचा रस

१७ ऑगस्ट १९९८
आलो एकदाचा धारूरला! कॉलेज नवंकोरं, विनाअनुदानित. जीवशास्त्राला मी एकटाच. हवा झकास, खिडकीतून किल्ला दिसतो. प्रयोगशाळेचा शिपाई सटवा माझी बॅग उचलेना. आधीचे तीन मास्तर पळाले, हे मात्र न विचारता सांगितलं. संस्थाचालक सुंदररावांनी बजावलंय: शनिवारी तपासणी समिती येतेय, तिला प्रयोग दाखवा, नाहीतर चालते व्हा.

१८ ऑगस्ट
एका पेशीत पुरुषभर लांबीचा डीएनए मावतो. प्रथिनांची इवली यंत्रं धागा धरून ओढतात, वेटोळी घालत जातात, असं काही शास्त्रज्ञ आता म्हणू लागलेत. पेशीचं विभाजन अर्ध्यावर रोखलं की हे आखडलेले धागे छान दिसतात. रोखणारं औषध इथं कुठलं! पण तेच कळलावीच्या वेलीच्या कंदात असतं, आणि ती किल्ल्याच्या उतारावर माजलीय. कंद आणून वाटले, कांद्याची मुळं रसात घातली.

सटवा अंगावरच आला. त्याची आई साखराबाई सुईण. ‘ह्यो रस अडलेल्या बाईच्या तळपायाला लावत्यात सर, अन् लेकरू भाईर आलं की त्याच घडीला धुत्यात. न्हाई धुतलं तर ते वढतच ऱ्हातंय.’ अडाणी लेकाचा. मी मुद्दाम त्याच्यासमोर हात न धुता बसून राहिलो.

२० ऑगस्ट
सूक्ष्मदर्शकाखाली मुळं पाहिली. धागे आखूड, जाड. दुपारी तेच पुन्हा पाहिले तर आणखी आखूड. काचपट्टीवरच्या मेलेल्या पेशीत असं होत नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं उघडेनात. साबणाने चारदा धुतलं. सटवा बघून हसला.

२१ ऑगस्ट
उजवा हात कोपरापर्यंत आत वळलाय. डाव्याने लिहितोय. गालाच्या आतल्या पेशी खरवडून पाहिल्या, माझ्याच. तेच चाललंय. डॉक्टरांनी हात लावला नाही. साखराबाई उंबऱ्यावरूनच परतली. म्हणाली, बाईच्या अंगातून ते लेकराला ओढतं. माझ्यात ओढायला मीच आहे. मला भयंकर भीती वाटतेय.

२२, शनिवार
गुडघे हनुवटीला — दोनच बोटं हलतात — कुणाला हाक पोचत नाही —

समिती आली. सुंदररावांनी मला टेबलावर ठेवलं. प्रयोग म्हणून. सगळे खूश. नोकरी कायम, असं ते माझ्याकडे वाकून म्हणाले —

अजून किती आखूड होईल, असं एकाने विचारलं — पुढच्या शनिवारी बघायला येणार —

सटवाने मला एका हातात उचललं — कपाट — मी इथं आहे, मी अजून —