सायकल मी नेलीय

बाबा,

सायकल चोरीला गेलेली नाही, मी नेलीय. काल संध्याकाळी तुम्ही गुपचूप चाकांत हवा भरत होतात, मला सगळं ऐकू आलं. छातीवरची ऑपरेशनची जखम अजून ओली आणि तुम्ही निघालात गुरायाचा डोंगर चढायला!

यंदा तुमच्या सायकलवाल्यांच्या गटात तुमच्या जागी मी. अझवाव काका म्हणाले, "बापासारखी चढावर गाऊ नकोस, म्हणजे झालं." राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी सगळे थांबलेत. आधी दीपगृह, मग वरचा जुना किल्ला, अगदी तुमच्याच रस्त्यानं. आपल्या घरची भाकरी आणि सुकी अंजिरं घेतलीत. तुमच्यासारखी पिशवी माकडांच्या हाती देऊन बसणार नाही.

सूप शेगडीवर आहे. त्यात मीठ नाही, घालूही नका. दुपारी बाल्कनीत बसा, किल्ल्यावरून आईची लाल ओढणी हलवीन.

आणि हो, तुम्ही निघालात की सुखरूप परत यावं म्हणून मागून पायरीवर पाणी ओततो ना आपण? आधी आई ओतायची, मग मी. आज माझ्यामागे कोण ओतणार? तुम्ही तर घोरताय. तांब्या भरून दारात ठेवलाय. उठल्याबरोबर आधी तो ओता, मग काय रागवायचं ते रागवा.

तिनहिनान