कडक म्हणाले मी अक्काला

रविवार, संध्याकाळ

अक्काला आज कडक भाकरी म्हणाले. तेही माइकवर, शाळेतल्या माझ्या सत्कारात. मुख्याध्यापिका झाले म्हणून हार घातला, तेव्हा भाषणात मी सांगितलं, "वडील गेले तेव्हा माझी थोरली बहीण नववीत होती. शाळा सोडून तिनं कडक भाकऱ्या विकल्या, मला शिकवलं. संकटांनी तिला घडवलं. आमची अक्का कडक भाकरीसारखी आहे. कितीही दिवस ठेवा, काही होत नाही तिला." टाळ्या पडल्या. अक्का पहिल्या रांगेत नुसती पदर सारखा करत राहिली.

येताना रिक्षात म्हणाली, "कडक भाकरी कशी व्हती, ठाव हाय का तुला? भाजली तरी तव्यावरनं काढायची न्हाय. फडक्यानं दाबत ऱ्हायचं, आतलं पाणी सरंपर्यंत. मला कुणी उतरिवलंच न्हाय की गं."

मग माझा हात धरून म्हणाली, "पर टिकले, ते खरं हाय. माझी मी टिकले. त्या संकटाला कशाला हार घालतीस?"

इतक्या वर्षांत कधी विचारलं का मी, अक्का, तुला काय व्हायचं होतं? नाही. रिक्षातही नाही विचारलं.

आत्ता जेवायला बसलो. तिनं तव्यावरची मऊ भाकरी माझ्या ताटात वाढली आणि अजूनही ती विकते त्यातली उरलेली कडक स्वतःच्या आमटीत चुरली. ताटं बदलावीत, असं मनात आलं. पण तोवर माझा पहिला घास तोंडात गेला होता.