माडावरच्या खाचा

आई, समुद्रापलीकडून तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

स्पेनच्या राजाचं जहाज मनिलाहून पाच महिन्यांनी अकापुल्कोला लागलं. मी ठणठणीत आहे, दातही बहुतेक शाबूत आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

काल बाजारात हाळी ऐकली, "तुबा घ्या, ताजी तुबा!" अंगावर काटाच आला. आपली माडी, आपल्याच शब्दात, अर्धं जग ओलांडून! राजाच्या अंमलदारांनी जहाजातली पेटी न् पेटी उचकली, पण हा शब्द त्यांच्या हाती लागला नाही.

विकणारी बाई इथलीच. म्हणाली, "तोंड काय वासतोस? नवऱ्यानं शिकवलं. तुमच्याकडचाच आहे मेला, जहाजावरून पळालेला."

तिच्या माडावर चढायला पाडलेल्या खाचा मी पाहिल्या. डावखुऱ्या माणसाच्या कोयत्याच्या आहेत.

बाबा जहाजावर गेले तेव्हा मी रांगत होतो. ते डावखुरे होते का गं?

तुझाच,
दामासो