पावण्याच्या अंगावरची थंडी

प्रिय आबा,

तुम्हाला एक बातमी द्यायची आहे, आणि ती ऐकायला तुम्ही नाही.

आज सकाळी कासमचाचा नालबंद आपल्या दारात आले आणि रस्त्यावरूनच ओरडले, "तानू, भाईर ये! पावण्यानं केस सोडलं की गं!" त्यांच्या मुठीत तांबूस केसांचा पुंजका होता. आई चुलीपुढून उठून आली. तिनं पुंजक्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तुम्ही आषाढात गेलात, केस श्रावणात झडले. इतकी काय घाई होती आबा?

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात पत्र आलं की मी वाचायची आणि तुम्ही मान हलवत ऐकायचा. हेही मीच वाचून दाखवणार आहे. कुठं, ते शेवटी सांगते.

चैत्रात महाराजांच्या पागेत ऑस्ट्रेलियाहून घोडा आला, तो तुमच्या हवाली झाला. "समिंदर वलांडून आलाय, पावणा हाय आपला," म्हणालात. पुढं सगळे त्याला पावणाच म्हणायला लागले. सकाळी वैरण टाकताना तुमचा ठरलेला प्रश्न असायचा, "काय पावणं, झोप लागली का?" तुमच्याबरोबर घोड्यांची देखभाल करणारे सगळे मोतद्दार हसायचे. तुम्हाला कुठं फिकीर!

मग वैशाख आला. बाकीचे घोडे तुकतुकीत दिसायला लागले आणि पावण्याच्या अंगावर मात्र केस वाढू लागले. अस्वलासारखे! बोटीत गारठा बसला म्हणून तुम्ही त्याच्यावर झूल घातलीत. वैशाखात झूल! बिचारा उभ्या उभ्या घामानं निथळत होता आणि तुम्ही त्याला ओव्याची धुरी देत होता. दृष्टही काढलीत. तुम्हाला जेवण जाईना, तेव्हा कुठं तुम्ही मला सांगितलंत.

मी नुकतीच बी.ए. होऊन घरी आले होते. दिवेलागणीला कंदिलासमोर बसून मी एका लिंबात खराट्यातली हिराची काडी खुपसली आणि तिरकी धरली. आठवतं?

"सरळ धर की! पडंल ते."

"पृथ्वी तिरकीच आहे आबा."

"मग पडत कशी न्हाय?"

"लोणच्याचं लिंबू हाय ते," आई आतून म्हणाली. "पृथ्वी झाली की परत दे."

मी लिंबू कंदिलाभोवती फिरवून दाखवलं. एका बाजूला वरचा भाग उजेडाकडं कलतो, तेव्हा आपला उन्हाळा. दुसऱ्या बाजूला खालचा भाग कलतो, तेव्हा तिकडं ऑस्ट्रेलियात त्यांचा. आपल्या वैशाखात त्यांची थंडी दारात येते. पावण्याचं अंग अजून तिकडच्या दिवसांवर चाललंय, म्हणून त्याला केस येताहेत. तो आजारी नाही.

तुम्ही लिंबाचं बूड बोटानं दाबून बघितलंत. "म्हंजे आमी इथं उघडं बसलोय, आन् तिकडं माणसं घोंगडी काढाय लागली?"

"हो."

"मग दिवाळी कवा करत्यात?"

"त्यांच्यात दिवाळी नसते आबा."

"न्हाय? मग एवढ्या थंडीत करत्यात तरी काय?"

तिथून तुम्हाला नादच लागला. कामावरून आलात की पाय धुता धुता विचारायचा, "आज कुठला मुलूख?" मी सांगायची, एका मुलखात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तुम्ही काळजीत पडायचा, "मग माणसं निजत्यात कवा?" एका मुलखात बारा महिने पाऊस पडतो म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "तिथं वैरण वाळवायची कुठं?" कॉलेजात इतक्या मनापासून प्रश्न विचारणारं माझ्या वर्गात कुणी नव्हतं.

पण एका गोष्टीचा मला अजून राग आहे. मला न विचारता तुम्ही माझं बोलणं पागेत कशाला सांगितलंत? सगळी पागा ज्यांच्या हुकमात, त्या दरोगासाहेबांनी घोड्याला रोगट ठरवलं होतं. टांगेवाल्याला विकायचं चाललं होतं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझी लेक सांगतीया, तिकडं आता थंडी हाय. त्यांचा फागुन आला की केस झडतील."

दरोगासाहेब हसले म्हणे. "लेक बी.ए. झाली का घोड्यांचा वैदू झाली रे? आन् त्यांचा फागुन कवा?"

"आपल्या गणपतीच्या आत. न्हाय झडलं, तर मीबी पागा सोडतो."

इतक्या वर्षांची चाकरी आबा! माझ्या एका लिंबावर!

मला कळलं तशी मी धावत तुमच्याकडं आले. मी म्हटलं, "आबा, मी हे फक्त वाचलंय. बघितलेलं नाही." तुम्ही तंबाखू मळत होता. वर न बघता म्हणालात, "तू वाचलंस म्हंजे कुणीतरी बघितलंच आसंल की. आन् त्यानं खोटं कशापायी लिवावं?"

छापलेल्या अक्षरावर तुमचा एवढा विश्वास! आणि त्या दिवसापासून माझं काय झालं, ते तुम्हाला कधी कळलं का? पुस्तकातल्या प्रत्येक ओळीची मला धास्ती वाटायला लागली. परीक्षेत चुकलं तर मार्क जातात. इथं तुमची भाकरी जाणार होती, आणि पावणा टांग्याला जुंपला जाणार होता.

आषाढात तुम्हाला ताप भरला. अंथरुणावरनं विचारायचा, "झडाय लागलं का?" कासमचाचा पागेतून येऊन मान हलवायचे. त्या शेवटच्या दुपारी तुम्ही पुन्हा विचारलंत. माझ्या तोंडून "नाही" निघालं. धीर मी द्यायला हवा होता. उलट तुम्हीच माझा हात थोपटलात. "आसू दे. तिकडं अजून थंडी आसंल."

आबा, हे वाक्य मी रोज आठवते. मी डळमळले होते, तुम्ही नव्हता.

तुमचा दहावा झाला आणि दरोगासाहेब म्हणाले, बोलणारा गेला, बोलणं संपलं. घोडा बाजारात काढा. तेव्हा कासमचाचा पुढं झाले. "शब्द त्याचा हुता, आता माझा. गणपती हू द्या. न्हाय झडलं, तर मीबी माझी नालाची हत्यारं उचलून पागा सोडतो." चाचांनी मला हे आज सांगितलं, केस हातात आल्यावर! तुम्ही दोघे दोस्त म्हणजे सारखेच!

आज मी चाचांबरोबर पागेत गेले. दरोगासाहेबांनी स्वतः खरारा केला. पहिल्याच हाताला पुंजक्यानं केस निघाले, खालचं अंग चकाकत होतं. त्यांनी पुन्हा एकदा खरारा फिरवला, पुन्हा तेच. मग चाचांना म्हणाले, "ऱ्हाऊ दे ह्याला." आणि माझ्याकडं वळून, "बाई, आता फुडच्या थंडीत काय करंल ह्यो? आपली धरंल का त्यांची?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही साहेब. पुस्तकात नाही. बघावं लागेल."

तुम्ही असता तर हसला असता. मीही हसले आणि मग पावण्याच्या मानेत तोंड घालून रडले. त्याच्या अंगाला अजून तुमच्या तंबाखूचा वास येतो, की तो माझा भास?

एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही म्हणायचा, हितल्या थंडीत त्याला केस आले की तो आपला झाला, मग पावणा म्हणणं सोडून त्याचं खरं नाव ठेवू. कोणतं नाव मनात होतं? मला वाटलं, तुम्ही सांगालच कधीतरी.

पुढच्या महिन्यापासून मी मुलींच्या शाळेत शिकवायला जाणार आहे. पहिल्या दिवशी लिंबू आणि कंदील घेऊन जाईन. मुलींना सांगेन, जगात सगळीकडं एकाच दिवशी थंडी पडत नाही. कुणाचा ऋतू आपल्याशी जुळला नाही म्हणून त्याला रोगट म्हणू नका, त्याला थोडे दिवस द्या. एखादी म्हणेल, लिंबू सरळ धरा, पडेल. तिला मी सगळ्यात पुढं बसवीन.

हे पत्र उद्या पागेत नेऊन पावण्यापुढं वाचणार आहे. आणि हा माझा शब्द, आबा: मार्गशीर्षात रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवीन. ज्या दिवशी तळहाताला नवे केस लागतील, त्या दिवशी त्याचं नाव ठेवीन. त्या थंडीत नाही आले, तर पुढच्या थंडीत बघेन. तोवर सकाळी कुणीतरी त्याला विचारायला हवं ना, झोप लागली का म्हणून? ते मी विचारीन.

तुमची,
तानू