पहिल्या रिमोटचा मान

माळेगाव बुद्रुक,
रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९९६

चि. रामहरी,

तुझ्या दाजीचे तुला, तुझ्या घरच्या मंडळींना आणि दोन्ही मुलांना आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही तिकडे बरे असाल असं धरून पुढे लिहितो, कारण तुझं उत्तर येईपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही. तुझी पाठ कशी आहे? कंपनीत जड उचलू नकोस आणि घरी तर मुळीच उचलू नकोस, असं तुझ्या ताईने तीनदा बजावून लिहायला सांगितलं आहे. मुलांची परीक्षा तोंडावर आली. त्यांना म्हणावं, मन लावून अभ्यास करा, तुमची ठेव आत्याच्या घरी आहे, तिची काळजी करू नका. (पत्राचा कागद दिपालीच्या कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या वहीचा आहे. दुसऱ्या पानामागे बेडूक आहे, त्याचा या मजकुराशी संबंध नाही.)

आता रागाचं लिहितो. दिवाळीला तू तो व्हिडिओ गेमचा डबा आमच्याकडे आणून ठेवलास. मुलं अभ्यास करत नाहीत, ताईकडे ठेवला म्हणजे सुरक्षित राहील, कारण तिथे कुणाला खेळता येत नाही, असं तू म्हणालास. त्या वेळी मला ते बोलणं सरळ वाटलं होतं, नंतर थोडं लागलं. पहिले आठ दिवस डबा कपाटावर विणलेल्या रुमालाखाली गप होता. मग उंदरांनी वायर कुरतडली की काय हे पाहायला तुझ्या ताईने तो खाली काढला, आणि वायर शाबूत आहे एवढं नुसतं बघून तिचं समाधान झालं नाही. चित्र येईना तेव्हा तिने कॅसेट काढून तिच्यात अशी फुंकर मारली की पहिल्याच फुंकरीला खेळ लागला. (जिने पंचवीस वर्षं चूल फुंकली तिच्यापुढे कॅसेटची काय कथा.) त्या कॅसेटवर नऊशे नव्याण्णव खेळ असल्याचं छापलंय. मी चिकाटीने मोजले. खेळ आहेत सहा. तेच कपडे बदलून पुन्हापुन्हा येतात.

त्या सहांतला आम्हाला रुचला तो रणगाड्यांचा. तुला माहीत असेल, तरी पुढचं नीट समजावं म्हणून सांगतो. पडद्यावर विटांच्या भिंती, आणि अगदी खाली विटांच्या आळ्यात एक पाखरू बसलेलं असतं. वरून शत्रूचे रणगाडे येतात. दोघांनी दोन रणगाडे घेऊन त्या पाखराला राखायचं. पाखरू मेलं की खेळ संपला, मग तुमचे कितीही रणगाडे शिल्लक असोत. आणि त्यातली मेख अशी की पाखराला आपली स्वतःची गोळीही लागते. खेळ सुरू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण फक्त पहिल्या रिमोटला आहे, दुसऱ्या रिमोटला त्या जागी सपाट प्लास्टिक. आमच्यात पहिला रिमोट माझ्याकडे असतो आणि दुसरा तुझ्या ताईकडे. हे कुणी ठरवलं नाही, तसंच पडत गेलं. तिची काही तक्रार नाही. ती फार चांगली खेळते, मात्र तिचं घराकडचं लक्ष उडालं आहे हे भाऊ म्हणून तुला कळायला हवं. डिसेंबरात दूध तीनदा उतू गेलं.

असो. मूळ मुद्दा दिपालीच्या लग्नाचा. आमचा मध्यस्थ सोनबा, याने निरवांगीचं एक स्थळ आणलं. वडील आप्पासाहेब, शेती बेताची पण नीटनेटकी. आपल्यासारखीच त्यांच्याकडेही आजोबांपर्यंत मेंढरं होती. मुलगा नागेश इंदापूरला दूध संकलन केंद्रात फॅट तपासतो. दिपालीने आधीची चार स्थळं पोहे खाली ठेवायच्या आत नापसंत केलेली, त्यामुळे या पाचव्याबद्दल आम्ही धास्तावलो होतो. एकवीस जानेवारीला पाव्हणे चार वाजता येणार होते. ते आले तीनला. तीनला मी आणि तुझी ताई चौदाव्या पातळीवर होतो. (पंधरावी आम्ही कधी पाहिलेली नव्हती.) जीप दारात थांबल्याचं ऐकून ती आत पळाली, मी बटण दाबून खेळ थांबवला आणि रिमोट पाठीमागे धरून नमस्कार केला. एका हाताने केलेला नमस्कार आप्पासाहेबांच्या लक्षात आला. मग टीव्ही लक्षात आला. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. पोरांचं खेळणं आहे, मी म्हणालो. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "पोरं कुठं हायती?"

आमच्या घरात सगळ्यात लहान माणूस बावीस वर्षांचं, आणि ते त्या वेळी आत साडीच्या निऱ्या घालत होतं. मी आपलं विचारलं, बघताय का खेळून? पाव्हणा नको म्हणेल या भरवशावर विचारायची ही गोष्ट. आप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला. मी सवयीने त्यांच्या हातात दुसरा रिमोट दिला आणि खेळ पहिल्यापासून लावला. रामहरी, माझ्या हातून घडलेली चूक ती एवढीच, आणि ती सवयीची आहे, मनातली नाही.

माणूस खेळायला विलक्षण निघाला. मी वर जाऊन शत्रू टिपत होतो, ते पाखराच्या पुढ्यातून हलेनात. मी म्हटलं, या की वर. तर म्हणाले, "कळप सोडून मी फिरत न्हाय. तुमी जावा, मी हितं हाय." अशी जोडी मला आजवर मिळाली नव्हती. (तुझी ताई फार पुढे धावते.) पहिली, दुसरी, तिसरी पातळी सरसर गेली. सोनबाने रीतीप्रमाणे मुलीला बोलवा म्हटलं, तर आप्पासाहेब म्हणाले, "दम धर, पाखरू उघडं पडलंय." दिपाली पोह्यांचा ट्रे घेऊन येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही, कारण मी तिकडे पाहिलं नाही आणि आप्पासाहेबांनीही नाही. शेवटी नागेशनेच उठून ट्रे तिच्या हातातून घेतला आणि बशा वाटल्या, असं तुझ्या ताईने मागून सांगितलं. मुलामुलीला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलू द्या, असं सोनबा म्हणाला. आम्ही दोघांनी मान न वळवता हो म्हटलं. ती दोघं मागच्या अंगणात गेली. अशा वेळी पाच मिनिटं देतात. त्यांना पावणेदोन तास मिळाले.

सातव्या पातळीवर आप्पासाहेबांना पोह्यांतल्या मिरचीचा ठसका लागला. मघाशी आले तेव्हा टीव्हीवर थांबवलेला खेळ त्यांनी पाहिला होता, म्हणून ते थांबवायचं बटण शोधायला लागले. बटण नाही. ठसका थांबेना, रणगाडा थांबेना, आणि समोरून आलेल्या शत्रूने त्यांचा रणगाडा उडवला. त्यांनी पाणी प्यायलं, रिमोट उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्या हातातला पाहिला.

"मानसिंगराव, तुमच्याला बटण हाय. आमच्याला का न्हाय?"

मी म्हटलं, तसंच येतं दुकानातून. तेवढ्यात सोनबा मध्ये पडला. त्याने हे यंत्र जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी बोलला, "पहिला रिमोट मुलाकडच्यांना द्यायची पद्धत हाय." मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहायला वळलो आणि बोट गोळीच्या बटणावरच राहिलं. गोळी सुटली, माझीच वीट फोडून आत गेली आणि पाखरू मेलं.

आप्पासाहेब उठले. टोपी घातली. "आमी मुलाकडची माणसं," ते शांतपणे म्हणाले, "आन् पाणी प्यायचं तरी तुमच्या परवानगीनं. वर तुमी तुमच्या हातानं तुमचं पाखरू मारताय. कळवतो." आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, तुला स्वतःला दोन ठिकाणांहून कळवणार होते, ते अजून कळवतायत. जीप धुरळा उडवत गेली. थोड्या वेळाने मागच्या दाराने दिपाली आत आली आणि तिच्या मागून नागेश. त्याला विसरून गेले होते. पुढच्यांना वाटलं तो मागे बसलाय, मागच्यांना वाटलं तो पुढे. अर्ध्या तासाने जीप परत आली, कुणी खाली उतरलं नाही, नुसता हॉर्न वाजवला. नागेशने स्वतःची कपबशी विसळून पालथी घातली, तुझ्या ताईच्या पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी दिपाली म्हणाली, मला मुलगा पसंत आहे. ही गोष्ट तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली, आणि मी तिच्या बापाने दीड तासापूर्वी ती मोडून ठेवलेली. ती रडली नाही, रुसली नाही. नुसती टीव्हीसमोर बसून बंद पडद्याकडे पाहत राहिली. त्यापेक्षा रडली असती तर बरं वाटलं असतं. पुढे दहा दिवस वाट पाहिली. निरवांगीहून कुणी काही कळवलं नाही, आणि घरात डब्याला कुणी हात लावला नाही.

एक फेब्रुवारीला मी साखर कारखान्यातली वजनकाट्यावरची पाळी बदलून घेतली, तुझा डबा खताच्या रिकाम्या पोत्यात घातला आणि दोन एसट्या बदलून निरवांगी गाठली. (पोत्यातून वायर लोंबत होती. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, सोयरीक. त्याने पुढे विचारलं नाही.) आप्पासाहेब ओट्यावर होते. मला पाहून या म्हणाले, बसा म्हणाले नाहीत. मी त्यांच्या टीव्हीला डबा जोडला. मग तुझ्या ताईने शिकवल्याप्रमाणे पाटावर टॉवेल-टोपी ठेवली, वर नारळ आणि नारळाशेजारी पहिला रिमोट, आणि पाट त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी रिमोट उचलला. बटण दाबून पाहिलं. मग टोपी डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "बसा."

त्यांचा टीव्ही काळापांढरा आहे. त्यामुळे दोन्ही रणगाडे एकाच रंगाचे, कुणाचा कुठला ते ज्याचं त्यालाच माहीत. भोवती गाव जमलं. आप्पासाहेब दर दोन मिनिटांनी खेळ थांबवत होते, गरज म्हणून नव्हे, थांबवता येतो म्हणून. मी प्रत्येक वेळी थांबलो. नवव्या पातळीवर एक रणगाडा पाखराच्या आळ्याकडे तोंड करून उभा होता, त्यातून गोळी सुटली आणि पाखरू गेलं. गाव आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहायला लागलं. कुणाची गोळी होती हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "माझीच. सवय जात नाही मेली." गावाने माझी यथेच्छ चेष्टा केली. (तुला शपथेवर सांगतो, रामहरी, या वेळी मी वरच्या कोपऱ्यात होतो.) आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि घरात हाक दिली, "चहात साखर घाला गं, व्याही आलंत."

तर असं झालं. मी पोतं खांद्यावर टाकून संध्याकाळच्या गाडीने सुखरूप परत आलो. सुपारी पंचवीस तारखेला रविवारी इथेच फोडायची आहे. तू सहकुटुंब दोन दिवस आधी ये. मामाशिवाय काही होत नाही हे तुला माहीतच आहे. आणि यापुढे असली जोखमीची वस्तू कुणाच्या घरी ठेवताना विचार करत जा, एवढंच तुला वडीलकीच्या नात्याने सांगणं.

तुझा,
दाजी मानसिंग

ता. क. पोतं सुखरूप आणलं असं मी वर लिहिलं आहे, ते खरं आहे. पोतं रिकामं होतं. निघताना मी डबा काढायला वाकलो, तर आप्पासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच." आता व्याह्याच्या हातातून काय ओढून घेणार? देण्याघेण्याची बोलणी निघाली तेव्हाही त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. मुलांना परीक्षा होईपर्यंत सांगू नकोस.

ता. क. २. पिंपरीत तसाच डबा मिळत असेल तर येताना घेऊन ये. मुलांसाठी नव्हे, त्यांना तू नंतर सवडीने घे. तुझ्या ताईला संध्याकाळी करमत नाही. मला काय, मी पेपर वाचतो.

ता. क. ३. मामा, मी दिपाली. बाबांनी पत्र पाकिटात घालायला दिलं आणि मी वाचलं. डबा आणणारच असशील तर दोन्ही रिमोटना स्टार्टचं बटण आहे ना, हे दुकानात उघडून बघून घे. त्या दिवशी अंगणात नागेशनी मला विचारलं होतं की घरी मी कुठला रिमोट घेते. मी म्हटलं, लग्नानंतर दोन्हीला बटण असलेला मिळाला तरच खेळेन. ते एक रविवार इंदापूर आणि एक रविवार बारामती पालथी घालून आलेत, मिळाला नाही, असं त्यांचं पत्र आहे. (बाबांना पत्राचं ठाऊक नाही.) तेव्हा पुण्यातही बघ, आणि मिळाले तर दोन घे. दुसरा आईला. दूध उतू गेलं ते तिचं लक्ष नव्हतं म्हणून नाही. तिन्ही वेळा तिला दिसत होतं, तिन्ही वेळा ती थांबवा म्हणत होती, आणि बटण बाबांकडे होतं.