गुणाची बाय

७ जुलै, सोमवार

पुण्याहून फोन आला — ओळी पसंत! "मॅडम, अगदी घरातली आई बोलतेय असं वाटतं." शाळकरी मुलामुलींच्या तब्येतीसाठी त्यांचं नवं ॲप आहे. काय खाल्लं, किती चाललं, कधी झोपलं ते मुलांनी रोज भरायचं, आणि त्यावर फोन दोन शब्द बोलणार. ते दोन शब्द माझे. गोड टाळलं, वडापाव सोडला, की मुलीला — "गुणाची माझी बाय!" मुलाला — "गुणाचा माझा राजा!" रागावणारी एकही ओळ नको, असं त्यांनी बजावलं होतं. नुसतं कौतुक.

लिहिताना मजा आली. आमच्या ब्राह्मीच्या शाळेतही ते येणार आहे म्हणे. तिला सांगितलं नाही. आईनं लिहिलंय कळलं, तर नववीतली पोर ते उघडणारसुद्धा नाही.

२१ जुलै

ब्राह्मी पहाटे उठून गच्चीवर चालते. चहा बिनसाखरेचा. मदन म्हणाले, "पोरगी सुधारली की! ते फोनमधलं मला बी घालून दे." दुकानात बसून बसून यांचं पोट पुढं आलंय. आम्ही दोघं हसलो.

ती हसली नाही.

५ ऑगस्ट

तिची मैत्रीण अंकिता सायकल न्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, "काकू, तुमची धपाटी लय भारी असत्यात! ब्राह्मी रोज मलाच देते."

रोज?

६ ऑगस्ट

विचारलं. "भूक नसते मला." एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं. दुपारी तिचा गणवेश धुवायला काढला. पट्ट्याला कर्कटकानं नवी भोकं पाडली आहेत. एकापुढे एक.

मदनना दाखवलं. म्हणाले, "वाढीचं वय हाय. उंच होत्यात तशी बारीक होत्यात." मला पटलं नाही. पण पटलं असं वागले.

२४ ऑगस्ट, रविवार

गुरुवारपासून पर्युषण. जेवताना ब्राह्मी म्हणाली, "आज्जी, मी यंदा दहाही दिवस उपवास करणार. नुसतं पाणी."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. "आमच्या घरात आजवर कुणाच्यानं झालं न्हाई गं! लय मोठं पुण्य हाय."

मी म्हटलं, "पंधरा वर्षांची आहे ती. एक वेळ तरी जेवू दे."

"तपाला आडवी येऊ नगंस, बाई."

इथं खोटं कशाला लिहू — मला बरं वाटलं. पोर जेवत नव्हतीच. निदान आता त्या न जेवण्याला एक नाव मिळालं. आणि उपवासाला शेवटचा दिवस असतो. त्या दिवशी चारचौघांत तोंडात घास घालतात. मग सगळं सुरळीत होईल.

मी हो म्हटलं.

२ सप्टेंबर

आमच्या आष्ट्याच्या चौकात तिच्या उपवासाच्या कौतुकाचा डिजिटल बोर्ड लागला. दुकानातले भाऊसो मदनना म्हणाले होते, "मालक, एवढासा नगं! आमदारास्नी लाजवंल असा लावू या." फोटो गेल्या दिवाळीतला. गाल भरलेले, हसू ओठभर.

मंदिरातून येताना ती त्या बोर्डाखाली थांबली. बाजूनं दोघी जणी बोर्डाकडं बघत गेल्या — "कुणाची गं ही पोरगी?" ती तिथंच उभी होती. त्यांनी ओळखलं नाही.

७ सप्टेंबर

पारणं. घर माणसांनी भरलेलं. प्रत्येकानं एकेक चमचा मुगाचं कढण तिला पाजलं. सासूबाईंचा चमचा पहिला, माझा शेवटचा. माझ्याकडं बघून तिनं तोंड उघडलं. मग मोरीत गेली.

मी दाराशी होते. मला ऐकू आलं. बाहेर फोटो चालले होते.

९ सप्टेंबर

आजही नाही.

१० सप्टेंबर

आजही नाही. सकाळी सासूबाई तिच्यापुढं शिरा घेऊन बसल्या होत्या. "एकच घास, माझ्यासाटनं." मग वाटी घेऊन उठल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

१४ सप्टेंबर, सांगली

मंदिराच्या पायरीवर कोसळली. मदननी उचलून गाडीत घातलं. "वजनच न्हाई गं हिला," एवढंच म्हणत होते, सांगलीपर्यंत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयाचे ठोके फार मंद आहेत. काही दिवस काहीच सांगता येणार नाही. "उपवास कधीपासून?"

मदन म्हणाले, "दहा दिवसांचा होता. संपला तो."

"मी आईला विचारतेय."

"जुलैपासून," मी म्हटलं. मदन वळून माझ्याकडं बघत राहिले.

दुपारी शेजारच्या मंगलकाकी भेटायला आल्या. चादर बाजूला करून त्यांनी ब्राह्मीच्या पायांवर डोकं ठेवलं. "तपस्वी हाय वं पोर!" तिनं पाय ओढून घेतले नाहीत. ओढायला जोर नव्हता.

संध्याकाळी मदन आष्ट्याला जाऊन आले. बोर्ड गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर टाकलाय. दोऱ्या तशाच लोंबताहेत. कुणी काढला, मी विचारलं नाही.

१६ सप्टेंबर

तिच्या उशीजवळचा फोन उजळला.

"आज गोड नाही, तळलेलं नाही! गुणाची माझी बाय!"

तिनं काहीच भरलं नव्हतं. रिकामा दिवसही त्यात कौतुकाचाच धरतात. मागं मागं सरकवत गेले. काल — गुणाची माझी बाय. पारण्याच्या दिवशी — गुणाची माझी बाय. उपवासाचा प्रत्येक दिवस. माझी ओळ, माझंच उद्गारचिन्ह.

बाहेर येऊन पुण्याला फोन केला. "मॅडम, काहीच न खाणारं मूल आम्ही धरलंच नव्हतं." मीही कुठं धरलं होतं! त्या ओळी काढा म्हटलं. किती पोरींच्या उशीजवळ वाजत असतील! "बघतो," म्हणाले.

आत जाऊन तिच्या फोनमधून ते काढून टाकायला गेले. तिनं डोळे उघडले. तीन दिवस जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती ओरडली — "नको! ते काढू नकोस!" सलाईनची नळी हिसकली. नर्स धावत आली.

नाही काढलं.

१८ सप्टेंबर

तिला सांगून टाकलं — त्या ओळी माझ्या आहेत. मी लिहिल्यात.

ती भिंतीकडं बघत होती. "माहितीये. पहिल्याच दिवशी ओळखलं."

मग म्हणाली — "घरी म्हणायची बंद झालीस ना तू. तिथं रोज म्हणतेस."